काटेकाकांचा वार्षिक ताप

काटेकाकांना ताप यायचा तो वर्षातून एकदाच, आणि तोही तारीख बघून.

त्यांच्या प्रार्थनाघरात मोशेचं शास्त्र दर शनिवारी ठरलेल्या भागांनी वाचतात आणि वर्षभरात पुरं करतात. वर्ष संपत आलं की एक शनिवार असा येतो, ज्या दिवशी कायद्यांची मोठी जंत्रीच वाचली जाते. गच्चीला कठडा बांधा, वाट चुकलेलं जनावर मालकाला परत करा, असं बरंच काही. त्या गर्दीत शेवटी शेवटी दोन-तीन ओळी येतात, की थैलीत दोन तऱ्हेची वजनं बाळगू नका, घेताना एक आणि देताना एक असं करू नका. बाकीचे लोक त्या वेळेपर्यंत जांभया देत असतात. पण त्या शनिवारच्या आधी, गुरुवारपासूनच, काकांच्या अंगात कणकण भरायची. शुक्रवारी कपाळ तापायचं. शनिवारी ते डोक्यावरून पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि रविवारी सकाळी ठणठणीत उठून दुकान उघडायला जायचे. काकू शेजारणींना सांगायच्या, आमच्या ह्यांच्या तापाला कॅलेंडर कळतं, डॉक्टरला तेवढं कळत नाही. शेजारणी हसायच्या. काकूही हसायच्या, पण त्यांचं हसू जरा लवकर संपायचं.

काका काटे दुरुस्त करायचे, म्हणून काटेकाका. वडिलांचंही तेच काम होतं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, एक भिंत खिळ्यांनी भरलेली आणि प्रत्येक खिळ्याला कुणाची ना कुणाची दांडी टांगलेली. मधोमध छताच्या कडीला वडिलांचा पितळी तराजू. तो विकायचा नव्हता, वापरायचाही नव्हता. बाकीच्या काट्यांनी त्याच्याकडे बघून नीट वागावं एवढ्यासाठीच तो होता. गावात दुसरा कसलाही भरवशाचा काटा नव्हता. सोनाराचं काकांना विचारून ठरायचं, औषधवाल्याचं काकांना विचारून ठरायचं. एकदा दोन भावांनी घराची वाटणी करताना जुन्या पितळी भांड्यांसाठी त्यांना बोलावलं, तेव्हा काकांनी एक चमचा मोडून अर्धा अर्धा केला. ती गोष्ट लोक अजून सांगतात. काय माणूस आहे, म्हणतात. स्वतःशीसुद्धा तोलून मापून बोलतो.

ते खरंच होतं, कारण स्वतःशी बोलताना काकांना एका विषयाला वळसा घालून जावं लागायचं.

शनिवारी दुपारी, वाचन आणि जेवण आटोपलं की प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत काका शास्त्रातल्या गोष्टी सांगत. वीस-पंचवीस माणसं जमायची. बहुतेक म्हातारी, निम्मी घरच्यांना कंटाळलेली. पण काका सांगायचेच असे की झोपायला आलेला माणूसही जागा राहायचा. माशाच्या पोटात रुसून बसलेला संदेष्टा ते असा उभा करायचे की खोलीला माशाचा वास यावा. दुष्काळात जिच्या कुपीतलं तेल आटलं नाही त्या विधवेची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. आणि गोष्ट कुठलीही असो, शेवट एकाच वाक्यावर यायचा. तो विसरत नाही, असं म्हणून काका पुस्तक मिटायचे. बायका पदर सावरत पुटपुटायच्या, खरंय, तो विसरत नाही. ज्यांचं आयुष्यात काही बुडालं होतं त्यांना त्या वाक्याने बरं वाटायचं. तेच वाक्य तोंडातून बाहेर पडताना काकांच्या पाठीवरून गार पाणी ओघळायचं. पण त्याच्यावाचून दुसरा शेवट त्यांना येत नव्हता.

एक गोष्ट मात्र ते अर्धीच सांगत. राजाच्या मेजवानीत भिंतीवर बोटं उमटतात आणि अक्षरं लिहितात, ती. दारू, पितळी दिवे, राजाचे लटपटणारे गुडघे, सगळं रंगवून व्हायचं, आणि अक्षरांचा अर्थ सांगायची वेळ आली की काका म्हणायचे, पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ठाऊक होतंच. तराजूत तुला तोललं आणि तू कमी भरलास, असा तो अर्थ. शेजारचा घड्याळवाला काकांचा लहानपणापासूनचा दोस्त. तो कुठल्याच प्रार्थनाघरात जात नसे, पण गोष्टीला येऊन बसे. तो चिडवायचा, की आयुष्यभर तराजू टांगलेस आणि शास्त्रात एवढा एक तराजू आला तर तोच गिळलास. काका म्हणायचे, घरचं काम सुट्टीच्या दिवशी कोण काढतं?

आणि दाराजवळ, चपलांच्या शेजारी, धुणंवाली बसायची.

ती काकांपेक्षा वर्षाने मोठी. लहानपणी मुलग्यांचा वर्ग आत भरायचा तेव्हा ती बाहेरच्या पायरीवर बसून ऐकायची. त्यामुळे वाचता येत नव्हतं तरी गोष्टी पाठ होत्या. म्हणूनच चारचौघांत नाही, पण एरवी ती काकांना तू म्हणायची. चाळीस वर्षांत तिचा एकही शनिवार चुकला नाही. गल्लीत तिला सगळे छटाकमावशी म्हणत. पोरंटोरं मागून ओरडायची, मावशी, छटाकभर कमी आहे गं. मावशीला ते आताशा ऐकूही येत नसे, किंवा येत असेल. ती सबंध गोष्टीभर एक शब्द बोलायची नाही. फक्त शेजाऱ्याचा द्राक्षमळा लाटणाऱ्या राजाची गोष्ट आली की शेवटी हात वर करायची.

त्या गोष्टीत दोन खोटे साक्षीदार उभे करतात. ते सांगतात, या माणसाने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या, आम्ही ऐकलं. बिचाऱ्या मळेवाल्याला दगडांनी मारतात. पुढे राजाचं काय झालं ते शास्त्रात आहे, राणीला कुत्र्यांनी खाल्लं तेही आहे. धुणंवाली विचारायची, "आणि त्या दोघा साक्षीदारांचं पुढं काय झालं?"

"शास्त्रात नाही," काका सांगायचे.

"मग लिहायचं राहिलं असेल," ती म्हणायची, आणि चपला शोधायला लागायची.

दर वेळी हेच. लोकांना वाटायचं, म्हातारी विसरते. काकांना ठाऊक होतं, ही काहीच विसरत नाही.

आता त्यांच्या तापाचं मूळ. त्याला चाळीस वर्षांमागे जावं लागतं.

त्या वर्षी नदी गावात शिरली. कोठारातलं धान्य कुजलं. मदतकेंद्र उघडलं आणि प्रत्येक कार्डावर आठवड्याला दोन किलो पीठ द्यायचं ठरलं. केंद्राला वजनं हवी होती, दोन-दोन किलोची बारा, आणि शुक्रवारपर्यंत. काका तेव्हा तिशीतले, वडील नुकतेच गेलेले, सगळं गाव बघत होतं की पोराला जमतं का. लोखंडी वजनाच्या पोटाशी एक भोक असतं. त्यात शिशाचे छर्रे घालून वजन बरोबर जुळवायचं, मग वरून शिशाचं झाकण ठोकून त्यावर शिक्का मारायचा. शिक्का बसला की ते वजन खरं, त्याच्यावर कुणी बोट ठेवायचं नाही.

शुक्रवारी दिवस कलेपर्यंत अकरा झाली. बाराव्याचे छर्रे काकांनी मोजून काढले होते. सात. पाटावर एका ओळीत ठेवले होते, पण एकेक आत टाकून काट्यावर जुळवायला वेळ लागायचा. सूर्य टेकला. शुक्रवारी सूर्य मावळला की यांचा शब्बाथ सुरू होतो, आणि शनिवारी तारे दिसेपर्यंत हात कामाला लावायचा नाही. काकू गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून हाक मारत होत्या. काकांनी विचार केला, झाकण तेवढं ठोकून ठेवू, फळीवर बारा दिसतील. रविवारी सकाळी पहिलं काम म्हणजे झाकण काढून छर्रे घालू. झाकण ठोकलं, हाताच्या सवयीने शिक्काही मारला. मग सात छर्रे तपकिरीच्या रिकाम्या डबीत टाकले, डबी खिशात घातली आणि दुकानाची किल्ली घड्याळवाल्याकडे दिली. वडिलांची रीतच तशी होती. शब्बाथभर किल्ली परक्या हातात राहायची, म्हणजे दुकान उघडायचा मोहच नको. आणि काका वेळेवर घरी पोचले. तेवढ्याचा त्यांना त्या संध्याकाळी अभिमानही वाटला होता.

शनिवारी दुपारी मदतकेंद्राची गाडी आली. घड्याळवाल्याने किल्लीने दार उघडलं, फळीवरची बाराच्या बारा वजनं गाडीत चढवून दिली आणि वर दोस्ताचं काम केलं म्हणून खूश झाला.

रविवारी काका धावत केंद्रावर गेले. चार खिडक्या, चारी खिडक्यांवर रांगा, आणि केंद्राचा मुख्य माणूस रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की काम असावं तर असं, बाप गेला पण शिक्का राहिला. एवढ्या लोकांसमोर काय सांगायचं? उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी रांग आणखी लांब होती. तिसऱ्या दिवशी धुणंवालीने तिसऱ्या खिडकीवर पिशवी परत टेकवली आणि म्हणाली, हे कमी आहे.

धुण्याचं काम करणाऱ्या बाईचा हात काय असतो ते धुणंवालीलाच ठाऊक. कोरडं किती, ओलं किती, पिळलेलं किती, हे तिला बोचकं उचलून कळायचं. छटाकभर कमी आहे, असं ती म्हणाली. रांग हसली. भुकेल्या माणसांना दुसऱ्याला हसायला फार लागत नाही. मुख्य माणसाने काकांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, वजन तुझंच ना?

काकांचा हात खिशातल्या डबीवर होता. त्यांनी वजन उलटं केलं, शिक्का बघितला, आणि म्हणाले, "शिक्का माझा आहे. वजन बरोबर आहे."

एवढंच. रांगेत गडबड केली म्हणून धुणंवालीचं कार्ड दोन आठवडे बंद झालं. तिला चार मुलं होती. धाकटी मुळातच नाजूक, ती त्या थंडीत तापाने गेली. त्या थंडीत तशी बरीच मुलं गेली. तिसरी खिडकी चार महिने चालू राहिली आणि उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता केंद्रच बंद झालं. मागे राहिलं ते फक्त नाव, छटाकमावशी.

त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी काका दुकान बंद करत होते. वारा नव्हता. वडिलांच्या तराजूचं डावं पारडं, रिकामं, सावकाश बोटभर खाली गेलं. आणि तिथेच थांबलं.

रविवारी बघितलं तर दांडी सरळ. पुढच्या शुक्रवारी पुन्हा पारडं खाली. काकांनी साखळ्या बदलल्या, कडी बदलली, ओळंबा लावून भिंतसुद्धा तपासली. घड्याळवाला म्हणाला, इमारत म्हातारी झाली, संध्याकाळी तिलाही पाठ टेकावीशी वाटते. काका हसले. पण तेव्हापासून दर शुक्रवारी ते त्या तराजूकडे पाठ करून, मागे न बघता, चाचपडत कुलूप लावायचे. कुलूप लावता लावता आतून साखळीचा बारीक आवाज यायचा. तो ऐकला की ते किल्ली द्यायला निघायचे.

आणि डबी खिशातच राहिली. चाळीस वर्षांत ती उघडून बघायचं धाडस त्यांना झालं नाही. कधीतरी हलवून बघायचे, छर्रे आत गडगडायचे, आहेत सात, म्हणायचे. काकू दर धुण्याच्या दिवशी बंडीच्या खिशातून ती डबी काढून फडताळावर ठेवायच्या आणि बंडी वाळली की परत खिशात घालायच्या. एकदाच त्यांनी विचारलं होतं, हे काय? नमुना, काका म्हणाले. कशाचा, ते काकूंनी विचारलं नाही. चांगली बायको काय काय विचारत नाही त्याची यादी केली तर ती शास्त्राएवढी होईल.

यंदाच्या त्या शनिवारच्या आधी, बुधवारी दुपारी, धुणंवाली दुकानात आली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पोटाशी फडक्यात काहीतरी धरलेलं होतं. टेकायला स्टूल दिलं तर बसली नाही. म्हणाली, मोठा मुलगा त्याच्या गावी घेऊन चाललाय, रविवारी सकाळची गाडी. घर आवरतेय. जड सामान नको म्हणतो.

मग फडकं सोडून तिने पाटावर वजन ठेवलं. दोन किलोचं. गंजलेलं, एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेलं. काकांनी उलटं करायची गरज नव्हती, तरी हाताने केलं. झाकण तसंच होतं, त्यावर शिक्का तसाच.

"केंद्र बंद झालं तेव्हा कोठीच्या चादरी धुऊन दिल्या, त्याच्या बदल्यात घेतलं," ती म्हणाली. "बाराही उचलून बघितली. हे हलकं. एवढी वर्षं इस्त्रीला घ्यायच्या कपड्यांवर दाबायला ठेवत होते. आता तुझं तू ठेव."

काकांनी एवढंच विचारलं, की तेव्हाच का नाही आणून दाखवलं?

"कुठं तोलायचं होतं, काट्या? गावात काटा तुझाच."

बाहेर घड्याळवाल्याच्या दुकानात एकदम सगळी घड्याळं तीनचे ठोके देऊ लागली, एक जरा पुढे, एक जरा मागे. ठोके संपल्यावर ती म्हणाली, "धाकटी त्या थंडीत गेली. तापानं गेली. तुझ्यामुळं गेली असं मी म्हणत नाही. नाही गेली असंही म्हणत नाही. मला नाही ते तोलता येत."

दारात जाऊन ती वळली. "या शनिवारी तुला ताप असतो," ती म्हणाली. "मी येणार आहे. शेवटचीच वेळ."

गुरुवारी काकांच्या अंगात कणकण आली नाही. त्यांनी वाट पाहिली. शुक्रवारी सकाळी दोनदा कपाळाला हात लावून बघितला. कपाळ गार. स्वयंपाकघराच्या दारातून काकू बघत होत्या. म्हणाल्या, "यंदा आला तर मी काढा करणार नाही, आधीच सांगते."

"का?"

"चाळीस वर्षं करतेय. त्याने कुठं उतरतो तो?"

शुक्रवारी संध्याकाळी दुकानात काका पाठ करून उभे राहिले. साखळी वाजली. त्या दिवशी ते कुलूप लावून निघाले नाहीत, बराच वेळ तसेच उभे होते, मान न वळवता. त्यांना वाटत होतं, वळलो तर रिकाम्या पारड्यात कुणीतरी बसलेलं दिसेल. एवढंसं, नाजूक. घड्याळवाल्याने हाक मारली तेव्हा कुठे ते हलले.

शनिवारी वाचनात त्या ओळी आल्या, आणि त्या ऐकायला काका हजर होते. प्रार्थनाघराच्या वाचकाने दचकून मधेच वर बघितलं. दुपारी मागच्या खोलीत खचाखच गर्दी. काकांना आज ताप नाही, ही बातमी गल्लीत जेवणाआधीच फिरली होती. दाराशी, चपलांच्या शेजारी, धुणंवाली. बायकांच्या रांगेत काकू, ज्या एरवी कधीच येत नसत, कारण त्या म्हणायच्या, या गोष्टी मी घरी फुकट ऐकते.

काकांनी द्राक्षमळ्याची गोष्ट लावली. मळा, राजाचं तोंड पाडून भिंतीकडे वळून निजणं, राणीची कारस्थानं. घड्याळवाला राणीची नक्कल ऐकून खदखदत होता. मग साक्षीदार आले. काकांचा आवाज बारीक झाला. ते म्हणाले, शास्त्रात दोन साक्षीदार आहेत आणि त्यांचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही. एकाचं मला ठाऊक नाही. दुसऱ्याचं ठाऊक आहे.

"तो मेला नाही," काका म्हणाले. "त्याला कुत्र्यांनी खाल्लं नाही. त्याचं बरं चाललं. लोक त्याला न्यायाने वागणारा म्हणायचे आणि त्याच्याकडे वाटणीला जायचे. दर शनिवारी तो शास्त्र सांगायचा. आणि जिच्याविरुद्ध तो खोटं बोलला होता ती दर शनिवारी त्याच्यासमोर येऊन बसायची."

मग त्यांनी शुक्रवारची संध्याकाळ सांगितली, बारावं वजन सांगितलं, सात छर्रे सांगितले, तिसरी खिडकी सांगितली. गोष्टीसारखं रंगवून नाही, कामाची यादी वाचावी तसं. घड्याळवाल्याचं खदखदणं कुठे थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तो आपल्या हाताकडे बघत होता. ज्या हाताने वजनं गाडीत चढवली होती, त्या हाताकडे. रांगेत हसलेली दोघं-तिघं खोलीत होती. म्हातारी झालेली. त्यातल्या एकीने तोंडाला पदर लावला.

कुणीतरी मागून म्हणालं, काका, म्हातारपणी माणसाला काहीबाही आठवतं, खरंच का हे? काका म्हणाले, आज शब्बाथ आहे, आज तोलून दाखवता येत नाही. आज फक्त माझा शब्द आहे. त्याची किंमत किती हे आता तुम्हाला कळलं आहे. उद्या सकाळी सात वाजता दुकानात या.

मग ते नेहमीचं वाक्य बोलायला गेले. तो विसरत, एवढं म्हणून थांबले. दाराशी बसलेली म्हातारी पुढचा शब्द म्हणाली, आणि चपला शोधायला लागली.

रविवारी सात वाजता दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीला फुकटची गंमत सोडवत नाही, मग ती दुःखाची का असेना. धुणंवाली मुलासोबत आली, मुलाच्या हातात दोन पिशव्या, गाडीची घाई. काकांनी वडिलांच्या तराजूवर, जो कधी वापरत नव्हते त्याच तराजूवर, एका पारड्यात खरं वजन ठेवलं आणि दुसऱ्यात ते गंजकं. खरं खाली गेलं. गंजकं वर राहिलं. दांडीचा काटाच काय ते सांगत होता, आणि तो हलत नव्हता.

काकांनी डबी काढली. झाकण गंजून बसलेलं, ते काकूंनी केसातल्या पिनेने उघडून दिलं. एकेक छर्रा काकांनी वरच्या पारड्यात टाकला. एक, दोन, तीन. पारडं उतरत आलं. चार, पाच, सहा.

डबी रिकामी होती.

काकांनी ती उलटी करून आपटली. काकूंनी जमिनीवर बघितलं. सातवा नव्हताच. चाळीस वर्षं सात म्हणून ते जो आवाज ऐकत होते तो सहांचा होता, आणि कधीपासून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काटा मधल्या रेघेच्या केसभर अलीकडे थांबला.

धुणंवालीने पुढे होऊन ते वजन आणि सहा छर्रे पारड्यातून उचलून दोन्ही हातांत घेतले. डोळे मिटले. हात जरासे खालीवर केले, जसं बोचकं तोलतात तसं.

"अजून कमी आहे," ती म्हणाली.

काका घाईने म्हणाले, की शिसं आहे घरात, आत्ता तुकडा कापून घालतो, पाच मिनिटं थांब.

"राहू दे," ती म्हणाली. "पुरं झालं तर तू परत झोपशील."

हे बोलताना ती हसली. त्या हसण्यात माया होती की काय होतं, यावर गल्लीत अजून दोन पक्ष आहेत. वजन तिने पाटावर ठेवलं, छर्रे त्याच्याशेजारी एका ओळीत मांडले, आणि मुलाला म्हणाली, चल. घड्याळवाल्याने त्या दिवशी दुकान बंद ठेवून तिच्या पिशव्या स्टेशनपर्यंत नेल्या. काका नेऊ म्हणाले होते, तिने नको म्हटलं.

लोकांनी काकांना सोडलं का? नाही. सोनार आठवडाभर फिरकला नाही, मग आला, कारण बटणाच्या, विजेवर चालणाऱ्या काट्यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि आता काकांवर जरा वेगळ्या तऱ्हेने होता. काही जणांनी प्रार्थनाघरात मागणी केली की अशा माणसाने शास्त्र सांगू नये. काकांनी स्वतःच सोडलं. आता ते शनिवारी दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसतात, आणि सांगायला एक तरुण मास्तर येतो. तो बरा सांगतो, पण माशाचा वास येत नाही. द्राक्षमळ्याची गोष्ट आली की सगळे दाराकडे बघतात. काका काही विचारत नाहीत.

सहा छर्रे आणि ते वजन दुकानात पाटावरच आहेत, तिने मांडले तसे. काकू झाडताना ते हलवत नाहीत. आलेलं गिऱ्हाईक विचारतं, हे काय? आता काका नमुना म्हणत नाहीत, सगळं सांगतात. त्यामुळे गिऱ्हाइकाला उशीर होतो.

आणि गल्लीने आपलं काम केलं. ज्या पोरांनी मावशीच्या मागे ओरडून घसे बसवले होते त्यांना आता ओरडायला कुणी नव्हतं. पोरंच ती, महिनाभरात त्यांनी नाव उचलून दुसऱ्या दारात नेऊन ठेवलं. मोठ्यांनी आधी दटावलं, मग तेही म्हणू लागले.

सगळं सांगून टाकल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी काकांना आशा होती, की आता पारडं हलणार नाही. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही, पण पारड्याच्या साखळ्या पुसून ठेवल्या होत्या. सूर्य टेकला. ते तराजूकडे तोंड करून स्टुलावर बसले. वारा नव्हता. डावं पारडं सावकाश बोटभर खाली गेलं, आणि तिथेच थांबलं.

काका उठले नाहीत. कडी तपासली नाही, ओळंबा काढला नाही. पारड्याकडे बघत राहिले. त्यात काही दिसलं की नाही ते त्यांनी काकूंनाही सांगितलेलं नाही. पण आता दर शुक्रवारी ते अर्धा तास आधी काम थांबवतात, स्टूल ओढतात आणि तिथे बसतात, कुणी पाहुणं यायचं असावं तसे.

बाहेरून घड्याळवाला किल्लीसाठी हाक मारतो, "छटाककाका, झालं का?"

"आलो," काका म्हणतात, आणि आणखी थोडा वेळ बसतात.